हिरड्यांची तपासणी

दिवस गेल्याची बातमी पहिले तीन महिने बाहेर फोडायची नाही, अशी आमच्याकडची रीत. माझ्या नवऱ्याने ती तीन तासही सांभाळली नाही. आळेफाट्याच्या गॅरेजमध्ये तो एका ट्रकखाली आडवा पडून काम करत होता. मी बसमधून उतरले ती थेट तिथेच गेले आणि वाकून त्याच्या पायांना सांगितलं, कारण त्याचे पायच काय ते दिसत होते. पाय एकदम ताठ झाले. मग आत पाना पडल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ हसण्याचा. संध्याकाळपर्यंत टायरवाल्याला, चहावाल्याला, नाशिककडे निघालेल्या दोन ड्रायव्हरांना आणि समोरच्या हॉटेलातल्या आचाऱ्याला ही बातमी कळलेली होती. आचाऱ्याने लोणच्याची बरणी घरी पाठवून दिली. मी नवऱ्यावर चिडले आणि चिडता चिडताच हसायला लागले. त्या दिवसांत मला हसू आवरायचंच नाही. बसच्या कंडक्टरने तिकीट दिलं तरी हसू यायचं.

नव्वदीचं दशक सरत आलं होतं. मी निमगाव सावाच्या बाजूला एका उपकेंद्रावर नर्स होते. वाड्यावस्त्यांवर पायी फिरायचं, लेकरांना लस टोचायची, गरोदर बायांना गोळ्या द्यायच्या आणि सगळ्यांना रागवायचं. रागवणं हे कामाच्या यादीत नव्हतं, पण ते मला सगळ्यांत चांगलं जमायचं. मी वस्तीवर आले की बाया लेकरांची नाकं पुसायला धावत.

हसण्याच्या तळाशी एक भीती बसलेली होती. दोन वर्षांपूर्वी पाचव्या महिन्यात माझं एक मूल पोटातच गेलं होतं. का गेलं, ते कुणी नेमकं सांगितलं नाही. पण मी शिकलेली बाई. पोटुशीने तंबाखू लावली तर बाळ खुजं राहतं, वेळेआधी येतं, कधी हाती लागतच नाही, हे मीच ओसरीओसरीवर चित्रांचा तक्ता टांगून सांगत होते. आणि सांगत असताना माझ्या डाव्या गालात मशेरी असायची.

मशेरी म्हणजे तव्यावर काळी होईतो भाजलेली आणि चुरलेली तंबाखू. दात घासायची म्हणून बोटावर घ्यायची आणि मग दात घासून झाले तरी बोट तोंडातून निघत नाही. घोडेगावला माहेरी मी बारा वर्षांची असताना दाढ ठणकत होती, तेव्हा आईने लावून दिली. दाढ पडली, मशेरी राहिली. सकाळी उठल्यावर, जेवणानंतर, बसमधून उतरल्यावर, देवळाला जाण्याआधी. चर्चला आम्ही देऊळच म्हणतो. नवऱ्याला माहीत होतं, पण तो स्वतः गॅरेजमध्ये बिड्या ओढायचा, त्यामुळे त्याचं तोंड बंद होतं. बाकी कुणाला माहीत नाही, अशी माझी पक्की समजूत होती.

पहिल्याच दिवशी मी डबी उकिरड्यावर फेकली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काठीने उकिरडा उपसून ती शोधून काढली. असं चार वेळा झालं. पाचव्या वेळी शेजारणीने विचारलं, "काय हरवलंय का?" मी म्हणाले, "कानातलं." तिने बिचारीने माझ्याबरोबर अर्धा तास शोधलं. तिला डबी सापडली तेव्हा मी म्हणाले, ही कुणाची बाई, शी! आणि ती घरात गेल्यावर पदराखाली घालून घेऊन आले. हसत होते, पण तेव्हाचं हसणं मला आवडलं नाही. त्या दिवशी मी चुलीपाशी बसून पोटावर हात ठेवला आणि मोठ्याने रडले.

आळेफाट्याला आम्हा ख्रिस्ती लोकांची नऊ-दहा घरं. देऊळ जुन्नरला, म्हणून दर गुरुवारी कुणाच्या तरी घरी प्रार्थनेला जमायचो. महिन्यातून एकदा पाळकसाहेब एसटीने यायचे. सभेत साक्ष द्यायची रीत होती. ज्याला प्रभूने सांभाळलं असेल त्याने उभं राहून सगळ्यांपुढे सांगायचं. कुणाची म्हैस सापडलेली असायची, कुणाचा ताप उतरलेला असायचा. माझ्या बाळासाठी सगळ्यांनी प्रार्थना केली, तेव्हा मी उभं राहून मशेरीचं सांगायचं ठरवलं होतं. उभी राहिले. "प्रभूचे आभार," एवढं म्हणाले आणि बसले. मी नर्स. तोंड कुठल्या तोंडाने उघडणार?

माझ्या शेजारी एक आजी बसायच्या. नगरकडून नुकत्याच आपल्या मुलाकडे राहायला आल्या होत्या. मुलगा एसटीत ड्रायव्हर, सून शाळेत शिक्षिका. आजी बुटक्या, जाड भिंगांचा चष्मा लावणाऱ्या आणि तोंडात एकही दात नसलेल्या. त्या दिवशी सभा संपल्यावर त्यांनी मला अंगणातल्या नळापाशी ओढलं, माझ्या तोंडापाशी नाक आणलं आणि हळूच म्हणाल्या, "कुठं ठिवतीस गं डबी?"

मी बोलायच्या आत त्यांचे डोळे भरून आले. "मीबी लावते पोरी. चाळीस वर्सं झाली. सुनंला ठावं न्हाई, लेकाला ठावं न्हाई. आता मरायच्या आदी सोडावं म्हनते, पर एकलीला जमंना. तू नर्सबाई हाईस. मला मदत कर."

आता मला दुसरं काय हवं होतं! मी लगेच कंबर कसली. "आजी," मी म्हणाले, "उद्यापासून बंद. मी रोज संध्याकाळी बसमधून उतरले की तुमच्याकडे येणार. तोंड उघडून दाखवायचं. चालणार नाही म्हणजे नाही."

"आनि तुजं?"

"माझंही बंद," मी घाईत म्हणून टाकलं. त्या क्षणी मला माझ्यापेक्षा त्यांचीच जास्त काळजी लागली होती.

त्यांचं घर स्टँडच्या मागच्या गल्लीत होतं. साडेसहाला मी पोचायचे तेव्हा सूनबाई शिकवणी घ्यायला गेलेल्या असायच्या. ओट्यावर आजी वाट बघत बसलेल्या. घसा बघायची बॅटरी माझ्या पिशवीत असायचीच. आजी आ करायच्या आणि मी त्यांच्या गुलाबी, गुळगुळीत हिरड्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तपासायचे. रस्त्याने जाणारे लोक थांबून बघत. एकदा एका पाहुण्याने विचारलं, "काय अडकलंय का म्हातारीच्या घशात?" आजी आ केलेल्या अवस्थेतच इतक्या हसल्या की बॅटरी माझ्या हातातून सुटली.

तपासणीत काही सापडायचं नाही, पण आजींची तलफ दांडगी. "आज लई आठवन आली गं," त्या म्हणायच्या. "दुपारी कपाट उघडलं, डबी काडली, परत ठिवली. परत काडली." मग मी सुरू व्हायचे. आजी, लाज वाटत नाही? एवढं आयुष्य प्रभूचं नाव घेतलं आणि चिमूटभर राखेपुढे लोटांगण? त्यांना अर्धा अर्धा तास असं झापून काढायचे की मलाच घाम फुटायचा. त्या मान खाली घालून ऐकून घ्यायच्या. म्हणायच्या, "खरं हाय बाय तुजं. उद्या न्हाई काडायची." मग त्या माझं तोंड उघडून बघायच्या आणि आम्ही दोघी ओट्यावरच डोळे मिटायचो.

आजींची प्रार्थना म्हणजे शेजारच्या घरात हाक मारून बोलल्यासारखी. "प्रभू, ही पोरगी दमून आलीय. दोन चपात्या जास्त खाऊ दे हिला. हिच्या डाव्या गालाला खाज सुटलीय, तिथं तुजा हात ठिव." मला मिटल्या डोळ्यांनी हसू यायचं आणि मग ते हसू हळूहळू विरून जायचं. गालाची खाज खरंच थांबायची, असं मी म्हणणार नाही. पण कुणीतरी वरून माझ्या डाव्या गालाकडे बघतंय, एवढ्या बारकाईने बघतंय, हे कळून फार बरं वाटायचं.

दिवस मात्र वाईट होते. तिसऱ्या दिवशी मी एका शेळीला रागावले. नीट, नाव घेऊन, पाच मिनिटं. शेळीच्या मालकिणीने ती आत नेऊन बांधली. बडीशेप, लवंगा, फुटाणे, चिंचेचा गोळा, जे हाताला लागेल ते तोंडात कोंबायचे. बसमध्ये शेजारच्या बाईने डबी उघडली की मी उठून ड्रायव्हरच्या पाठीमागे उभी राहायचे. सहाव्या महिन्यात पोट सांभाळत तशी उभी राहिले की सगळी बस माझ्यासाठी जागा द्यायला उठायची आणि मी, नको नको, मला उभं राहायलाच आवडतं, असं म्हणायचे. लोक नवऱ्याला जाऊन सांगत, तुझ्या बायकोला जरा बघ राव, काहीतरी झालंय तिला.

उभी असताना मी येशूशी बोलायचे. अरण्यात तो चाळीस दिवस उपाशी होता आणि सैतान त्याला भाकरीची लालूच दाखवत होता, ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आले होते. तेव्हा ती मोठ्या माणसाची गोष्ट वाटायची. आता पहिल्यांदा मला तिच्यातली भूक कळली. त्यालाही नको त्याच वेळी नको तेच समोर दिसलं होतं. मी त्याला म्हणायचे, तुझी परीक्षा भाकरीवर भागली, मशेरीची चव तुला ठाऊक नाही. आणि लगेच म्हणायचे, नाही नाही, ठाऊक आहे, तुला सगळं ठाऊक आहे, फक्त पुढचा थांबा येईपर्यंत धरून ठेव. थांब्यामागून थांबा असे साडेतीन महिने गेले. पोट कलिंगडाएवढं झालं. बाळ लाथा मारायला लागलं, तेव्हा गॅरेजमधल्या तिघांनी आळीपाळीने कान लावून बघितलं.

सातवा लागला आणि मी घसरणार होते.

निमगाव सावाच्या पुढे मळ्यात एक वस्ती आहे. मी तिथल्या बाईच्या लेकराला डोस द्यायला गेले. उन्हाची वेळ, पाय सुजलेले, सकाळपासून पोटात ढवळत होतं. बांधावरूनच मला वास आला. बाई अंगणात जुन्या तव्यावर मशेरी भाजत बसली होती. तो गरम, खमंग, कडवट धूर नाकात गेला आणि माझे पाय आपोआप भराभर पडायला लागले. माझ्या आईचं घर, दाढ, सकाळ, सगळं त्या धुरात होतं.

"आवो शिस्टर, बसा की. लई दमलाय." बाईने पाट सरकवला. "घ्या, गरम हाय. पोटुशीची मळमळ झटक्यात ऱ्हाती."

"मी लावत नाही," मी म्हणाले. आवाज माझा मलाच ओळखू येईना.

बाई खुदकन हसली. "आसं कसं? तुमी तक्ता लावून शिकवीत व्हता, तवाबी गालात आसायचीच की. आमी समद्या बगायचो, कवा थुकतीय शिस्टर."

वाड्यावस्त्यांवर सगळ्यांना माहीत होतं! इतकी वर्षं! मला एवढी लाज वाटली की हसूच फुटलं आणि त्या हसण्यात माझा डावा हात पुढे झाला. तिने तळहातावर चिमूट ठेवली. काळी, गरम, मऊ. मी बोट टेकवलं. बोट वर आलं. ओठाला धग लागली.

प्रार्थना करायला गेले, तर एक शब्द आठवेना. अरण्य नाही, भाकरी नाही, काही नाही. खरं सांगते, बाळही आठवलं नाही. आठवलं एवढंच की आज साडेसहाला ओट्यावर आजी आ करून बसतील आणि मी त्यांना जाब विचारू शकणार नाही. काल त्या तलफेने रडकुंडीला आल्या होत्या. काल मी त्यांना केवढं मोठं प्रवचन दिलं होतं! आज कुठल्या तोंडाने रागवू? आणि मी रागावले नाही तर त्या नक्की लावतील. चाळीस वर्षांची सवय, बिचारी म्हातारी, माझ्या भरवशावर बसलीय.

मी उठले आणि गोठ्याच्या टाकीत कोपरापर्यंत हात बुडवला. म्हैस पाणी पीत होती, तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं. "पी बाई तू," मी तिला म्हणाले आणि मला असं हसू आलं की टाकीचा काठ धरून उभं राहावं लागलं. मागून बाई ओरडत होती, "आवो शिस्टर, काय झालं? चावलं का काय?" लेकराला डोस पाजला आणि निघाले. बांधावरून बसथांब्यापर्यंत मी मोठ्याने गीतं म्हणत गेले. एकातले शब्द दुसऱ्यात, सूर तिसऱ्याचा. सातव्या महिन्यातली एक बाई उन्हात गात चाललीय, हे बघून कांदे काढणाऱ्या बाया उभ्या राहिल्या. मी त्यांना हात केला. मी जिंकले होते आणि ते कुणाला तरी कळायला हवं होतं.

संध्याकाळी आजींना सगळं सांगितलं. फक्त त्यांची आठवण आली हे सांगितलं नाही, त्या चढून बसल्या असत्या. त्यांनी माझा तो डावा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मग डोळे पुसत म्हणाल्या, "आज मलाबी लई तलफ आलीय बग." मी लगेच चिडले.

लेक झाली. वेळेवर झाली, घसघशीत झाली आणि दवाखान्याची भिंत हादरेल असं रडली. नवऱ्याने गॅरेजमधल्या सगळ्या ट्रकांचे हॉर्न एकदम वाजवायला लावले, ते दवाखान्यापर्यंत ऐकू आले. ती हॉर्न ऐकून घाबरेल असं वाटलं होतं, पण ती झोपून गेली.

तिच्या बाप्तिस्म्यानंतरच्या गुरुवारी आमच्याच घरी सभा होती. पाळकसाहेब आले होते. खोलीत मुंगीला जागा नाही. आजी भिंतीला टेकून बसल्या होत्या. शेजारी त्यांची सूनबाई, पहिल्यांदाच सभेला वेळ काढून आलेली. साक्षीची वेळ झाली आणि मी उभी राहिले. हातातली लेक नवऱ्याकडे दिली आणि धडाधडा सगळं सांगून टाकलं. मशेरी, तक्ता, उकिरडा, शेळी, म्हैस. लोक हसून हसून एकमेकांवर पडत होते. एवढी हवेत होते मी, की थांबलेच नाही. म्हणाले, "आणि प्रभूने मला एकटीला सोडलं नाही. या आपल्या आजी. चाळीस वर्षांची मशेरी यांनी या वयात माझ्याबरोबर सोडली! त्यांच्यासाठी टाळ्या वाजवा!"

टाळ्या दोन-तीनच वाजल्या. सूनबाई माझ्याकडे बघत होती.

"आमच्या आईंनी?" ती म्हणाली. "मशेरी? अहो, यांनी जन्मात कधी तोंडात घातली नाही. शेजारणीने भाजायला घेतली तरी यांना शिंका येतात. आम्ही खिडक्या लावून घेतो."

आजी वरच्या पंख्याकडे बघत होत्या.

"आजी?" मी म्हणाले.

आजी भिंतीला धरून उठल्या, पदर नीट केला आणि साक्ष द्यायला उभ्या राहिल्या. "खोटं बोलले," त्या म्हणाल्या. "सा म्हैने, रोज."

माझा पारा चढला. खरंच चढला. सहा महिने मी या बाईच्या हिरड्या बघितल्या होत्या, हिच्यासाठी घसा कोरडा केला होता! "कशासाठी?" मी सगळ्यांदेखत ओरडले.

"मंग काय करनार व्हते?" आजीही ओरडल्या. "तू कुनाचं आईकतीस का? तुला सांगाया गेलं की तू सोताच सांगाया लागतीस. तुला मदत केलेली चालत न्हाई, तुला रागवाया मानूस लागतं. म्हनलं, मी हुते."

पाळकसाहेबांनी पुस्तक तोंडापुढे धरलं होतं आणि त्यांचे खांदे हलत होते. नवरा तर सरळ हसत होता. आजींनी चष्मा काढला आणि पुसायला लागल्या. मग एकदम हळू आवाजात, मला एकटीलाच सांगितल्यासारखं म्हणाल्या, "रोज सकाळी उठून प्रभूला सांगायचे, आज साडेसाला परत खोटं बोलनार हाय. लेकरू येईस्तवर तेवडं पदरात घे. मंग काय शिक्षा करायची ती कर."

मी हसत होते की रडत होते, ते आजही सांगता यायचं नाही. नवऱ्याकडून लेक घेतली, माणसांच्या पायांमधून वाट काढत आजींपर्यंत गेले आणि ती त्यांच्या हातात दिली.